बल्ब बदलला म्हणजे दिवा बदलतो का?

मुंबईतली शेवटची काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती धंद्यातून बाद झाली आणि वालचंद हिराचंदांच्या कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात घडवलेल्या या गाडीचं टॅक्सीपर्व संपलं. खाजगी गाड्यांना ही मर्यादा नाही. पंधरा वर्षं झाली की आरटीओत पासिंग करून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घेता येते. त्यामुळे गिरगावच्या वाड्यांत, दादरच्या हिंदू कॉलनीत, परळ-लालबागच्या जुन्या इमारतींच्या आवारात पद्मिनी, मारुती ८००, झेन, इंडिका अजून जपलेल्या दिसतात. अशा गाडीचा मालक रात्री बाहेर पडला की त्याची पहिली तक्रार दिव्यांची असते. समोरून येणाऱ्या नव्या गाडीचा पांढराशुभ्र झोत आणि आपल्या गाडीचा मिणमिणता पिवळा उजेड यांची तुलना त्याला रोज करावी लागते. ऑपेरा हाउसच्या परिसरातल्या सुट्या भागांच्या दुकानांत त्यावरचा उपाय तयार असतो: जुन्या होल्डरमध्ये बसणारा एलईडी बल्ब, दहा मिनिटांचं काम. या प्रकरणात मला एवढंच दाखवायचं आहे, की या दहा मिनिटांत बल्ब बदलतो, दिवा बदलत नाही. जुन्या गाडीला चांगला उजेड नक्की मिळू शकतो, पण त्याचा रस्ता वेगळा आहे.

दिवा म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. गाडीच्या दिव्यात चार गोष्टी मिळून काम करतात: उजेडाचा उगम, त्यामागचा वाटोळा आरसा म्हणजे रिफ्लेक्टर, पुढची काच आणि संपूर्ण दिव्याचा खाली झुकलेला कोन. युरोपात १९७१ साली आलेला आणि पुढे आपल्याकडे घराघरांतल्या गाड्यांत पोचलेला एच-४ हॅलोजन बल्ब हे या मेळाचं उत्तम उदाहरण आहे. त्यात दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिप्परची. डिप्परची तार पाच-साडेपाच मिलिमीटर लांब असते आणि तिच्या खाली धातूची एक इवलीशी वाटी बसवलेली असते. ही वाटी तारेचा खालच्या दिशेने जाणारा उजेड अडवते. तो रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडला असता तर परतताना वर उसळला असता, थेट समोरच्याच्या डोळ्यांत. वाटीची एक कड १५ अंशांनी उतरती ठेवलेली असते. तिच्यामुळे झोताची वरची रेघ एका बाजूला चढत जाते. आपल्याकडे ती डावीकडे चढते, म्हणजे पदपथाच्या कडेचा माणूस दिसतो आणि उजवीकडून येणारा चालक दिपत नाही. रिफ्लेक्टरचा आकार आणि काचेवरच्या उभ्या-आडव्या खाचा हे सगळं गणित ती तार नेमकी कुठे आहे हे धरून मांडलेलं असतं. तार एखादा मिलिमीटर जरी सरकली तरी झोताचा आकार बिघडतो.

आता एलईडीकडे पाहू. निळा उजेड देणारा कार्यक्षम एलईडी घडवल्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. त्या निळ्या चकतीवर पिवळसर फॉस्फरचा थर दिला की आपल्याला पांढरा उजेड मिळतो. त्याची काटकसर खरोखर थक्क करणारी आहे. एच-४ ची डिप्परची तार ५५ वॉट वीज खाऊन साधारण १,००० ल्युमेन उजेड देते, म्हणजे दर वॉटला जेमतेम १८ ल्युमेन. चांगला एलईडी दर वॉटला १०० ल्युमेनच्या पुढे सहज जातो. पण तार आणि एलईडी यांच्या उजेडाची घडण वेगळी आहे. तार ही बारीक दंडगोलासारखी असते, ती सगळ्या बाजूंना सारखी उजळते. एलईडी ही चपटी चकती असते, ती आपल्या तोंडासमोरच उजेड टाकते. म्हणून बदली बल्ब बनवणारे एका पातळ पट्टीच्या दोन्ही अंगांना चकत्या बसवतात आणि तारेची नक्कल करतात. ही नक्कल जितकी जाड, तितका उजेड ठरल्या जागेपासून दूर. होल्डरमध्ये पट्टी थोडी तिरकी बसली, तर रिफ्लेक्टरच्या काही भागाला उजेड जास्त मिळतो आणि काही भागाला मिळतच नाही. मग रस्त्यावर कुठे डाग, कुठे अंधाराचे पट्टे दिसतात, आणि झोताच्या रेघेच्या वर, जिथे जवळजवळ काळोख असायला हवा, तिथे भरकटलेला उजेड पसरतो.

सगळेच बदली बल्ब इतके वाईट नसतात, असा आक्षेप इथे कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. जर्मनीत २०२० मध्ये ऑसरामच्या एका बदली एलईडी बल्बला रस्त्यावर वापरायची परवानगी मिळाली. पण ती परवानगी कशी दिली गेली, हे पाहण्यासारखं आहे. ती सरसकट बल्बला मिळाली नाही. अमुक मॉडेलच्या गाडीतल्या अमुक दिव्यात तो बसवून, झोत मोजून, तेवढ्याच जोड्यांना मान्यता दिली गेली आणि त्यांची यादी ठेवली गेली. म्हणजे ज्यांनी सर्वांत काळजीपूर्वक बल्ब बनवला, त्यांनाही तो कोणत्याही दिव्यात चालेल असं म्हणता आलं नाही. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीच्या दिव्यासाठी तसं मोजमाप करून दिलेली हमी खोक्यावर नसते. खोक्यावर असतो तो ल्युमेनचा आकडा, आणि तोही पारखून घ्यावा. ३० वॉटच्या बल्बवर २०,००० ल्युमेन छापलं असेल तर दर वॉटला सहाशेहून अधिक ल्युमेन झाले. पांढऱ्या उजेडाला इतकी कार्यक्षमता भौतिकशास्त्राच्या नियमांनीच अशक्य आहे. आकड्यावर असा साधा भागाकार करून पाहिला तरी बरीच फसवणूक टळते.

जास्त उजेड म्हणजे जास्त लांबचं दिसणं, हा या विषयातला सर्वांत मोठा गैरसमज आहे. डिप्परचा पल्ला बल्ब ठरवत नाही, भूमिती ठरवते. जुन्या छोट्या गाडीचा दिवा जमिनीपासून साधारण ६५ सेंटीमीटर उंच असतो. डिप्परचा झोत एक टक्का खाली झुकवायचा असतो, म्हणजे दर दहा मीटरला दहा सेंटीमीटर. या हिशेबाने झोताची वरची रेघ रस्त्याला ६५ मीटरवर टेकते. बल्ब दुप्पट प्रखर केला तरी ती ६५ मीटरवरच टेकणार. त्या अंतराच्या आतला रस्ता अधिक उजळेल, पलीकडचा नाही. आता थांबायला किती अंतर लागतं ते पाहू. चालकाला ब्रेकपर्यंत पोचायला दीड सेकंद लागतो असं धरू, आणि जुन्या गाडीचा वेग ब्रेक दाबल्यावर दर सेकंदाला ताशी १८ किलोमीटरने उतरतो असं मानू. ताशी ५० च्या वेगात गाडी सुमारे ४० मीटरवर थांबते. म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर लालबागहून दादरकडे जाताना नीट लावलेला साधा हॅलोजन डिप्पर पुरेसा आहे, आणि तिथे रस्त्यावरचे दिवेही असतात. ज्याला तो पुरत नाही, त्याच्या दिव्यात काहीतरी बिघडलेलं आहे. ते शोधायला हवं.

उलट प्रखर बल्ब आपल्याला फसवतो. गाडीच्या नाकासमोरचे दहा-पंधरा मीटर लख्ख उजळले की मनाला भरवसा वाटतो, पण डोळ्याची बाहुली त्या उजेडाला जुळवून घेत आकसते आणि दूरचा अंधार आणखी गडद होतो. समोरच्या माणसाचं तर पाहायलाच नको. परळला केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालयं जवळजवळ आहेत. रात्री-अपरात्री औषधासाठी रस्ता ओलांडणारे नातेवाईक, पदपथावर पथारी टाकलेले रुग्ण, पहाटे दादरच्या फुलबाजाराकडे टोपल्या घेऊन निघालेल्या बायका, गणपतीच्या दहा दिवसांत लालबागच्या रस्त्यावर रात्रभर चालणारी गर्दी, ही इथल्या रात्रीची खरी वस्ती आहे. यातल्या ज्येष्ठांच्या डोळ्यातलं भिंग वयाने धूसर झालेलं असतं. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरचा उजेड त्या भिंगातच विखुरतो आणि सगळं दृश्य पांढुरक्या पडद्याआड जातं. दिपलेले डोळे पूर्ववत व्हायला वेळ लागतो, आणि त्या वेळात माणूस रस्त्याच्या मध्यावर उभा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०६ व्या नियमात नेमका हाच माणूस गृहीत धरला आहे. दिव्यापासून ८ मीटरवर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील तो दिपू नये, असा झोत कायम खाली वळवलेला असला पाहिजे. दीड मीटर म्हणजे रस्त्यावर उभ्या असलेल्या साधारण माणसाच्या डोळ्यांची उंची. पूर्वी हेडलाइटच्या काचेवर काळा ठिपका रंगवलेला दिसायचा, त्यामागेही हीच चिंता होती.

मुंबईच्या पावसात हा प्रश्न दुणावतो. कोरडा डांबरी रस्ता खडबडीत असतो, त्यामुळे दिव्याचा उजेड सगळीकडे विखुरतो आणि त्यातला थोडा चालकाकडे परत येतो. म्हणून रस्ता दिसतो. पाण्याचा थर चढला की तोच रस्ता आरशासारखा वागतो. उजेड पुढे घसरत जातो, आपल्याकडे कमी परततो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. पावसात आपल्याला कमी दिसतं आणि समोरचा जास्त दिपतो, ते यामुळे. अशा वेळी उजेड वाढवला तर दोन्ही त्रासांपैकी दुसरा तेवढा वाढतो. रंगाबद्दलही इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं. पिवळा उजेड धुक्यातून आरपार जातो, ही समजूत चुकीची आहे. धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. मात्र निळसर पांढरा उजेड डोळ्यांना अधिक बोचतो, हे खरं आहे. हॅलोजनचा रंग साधारण ३,२०० केल्विनचा असतो, बदली बल्ब बहुधा ६,००० च्या पुढचे, निळ्याकडे झुकलेले असतात. आणि एलईडी म्हटलं की पांढराच उजेड, असंही नाही. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवरचे सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले गेले तेव्हा गिरगाव चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंतच्या त्या माळेचं रूप हरपलं म्हणून लोक हळहळले, आणि पुढे तिथे पिवळसर छटेचे दिवे परत आले. तंत्र तेच राहिलं, छटा निवडता आली. गाडीसाठीही ती निवडता येते.

पावसाचा आणखी एक परिणाम दिव्याच्या आत होतो. हॅलोजनची बरीचशी वीज उष्णता होऊन उजेडाबरोबर पुढे जाते. काच तापते आणि आत शिरलेली दमट हवा सुकते. एलईडीची उष्णता मागच्या बाजूला, चकतीच्या बुडाशी साठते. काच थंडच राहते, म्हणून समुद्राकाठच्या या दमट शहरात जुन्या, सैल पडलेल्या दिव्याच्या आत बाष्प धरून राहतं. मागे साठलेली उष्णता बाहेर टाकायला बल्बच्या पाठीला पंखा किंवा पाकळ्या असतात. त्यामुळे मागचं रबरी झाकण नीट बसत नाही. काही जण ते कापतात, काही काढूनच टाकतात, आणि हिंदमाताच्या साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की दिव्यात पाणी जायला वाट मोकळी होते. त्या पाण्याने रिफ्लेक्टरचा चकचकीत मुलामा एकदा उडाला की पुढे कोणताही बल्ब लावला तरी उजेड मरतो.

मग जुन्या गाडीचा उजेड मिणमिणता का होतो? बहुतेक वेळा दोष बल्बचा नसतोच. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा प्रवाह बॅटरीपासून स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून, बारीक जुनाट तारांतून आणि गंजलेल्या अर्थिंगमधून फिरत दिव्यापर्यंत जातो. वाटेत दाब गळतो. तारेच्या बल्बचा उजेड दाबाच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणजे दाब दहा टक्के घटला तर उजेड दहा टक्के नव्हे, जवळपास तीस टक्के घटतो. इंजिन चालू ठेवून, डिप्पर लावून, बल्बच्या कपलरवर मीटर धरलं आणि तोच दाब बॅटरीच्या टोकांवर मोजला की दोन्हींतला फरक मिनिटभरात कळतो. इलाज स्वस्त आहे: बॅटरीपासून जाड तार, मध्ये फ्यूज आणि दोन रिले, नवी अर्थिंग. मग स्विचवर फक्त रिलेला चालवणारा किरकोळ प्रवाह उरतो आणि दिव्याला पूर्ण दाब मिळतो. त्यानंतर रिफ्लेक्टर पाहायचा. तो काळवंडला असेल तर पॉलिश करण्यात अर्थ नाही, बदलावाच लागतो. नव्वदच्या दशकानंतरच्या गाड्यांत काचेऐवजी पॉलिकार्बोनेट आलं. ते उन्हाने पिवळं पडतं. पाण्याच्या कागदाने घासून त्यावर अतिनील किरणं अडवणारा थर दिला तर ते पुन्हा पारदर्शक होतं. नुसतं घासून सोडलं तर काही महिन्यांत परत पिवळं पडतं. शेवटी विंडस्क्रीन आतून पुसावी आणि ओरखडे पाडणारे वायपर बदलावेत. समोरच्या गाडीचा उजेड या ओरखड्यांवर आणि आतल्या तेलकट थरावर फुटतो, आणि आपण दोष आपल्या दिव्यांना देतो.

एलईडीच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात आणि तिन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला विजेचा. दोन डिप्पर मिळून ११० वॉट, म्हणजे साधारण नऊ अँपिअर प्रवाह ओढतात, एलईडी त्याच्या निम्म्याच्या आसपास. जुन्या डायनॅमोला हा दिलासा मोठा आहे, हे मान्य करायलाच हवं. दुसरा मुद्दा असा, की नव्या उंच गाड्या आपल्याला दिपवतात, मग आपणच का मागे राहायचं? पण आपला दिवा प्रखर केल्याने आपले दिपलेले डोळे सावरत नाहीत. त्याने समोरचाही दिपतो, आणि एकमेकांकडे येणाऱ्या दोन गाड्यांत एकाऐवजी दोन आंधळे चालक होतात. तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून अटल सेतू सुरू झाला, मार्चपासून सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पाही खुला झाला. सेतूवर कारला ताशी १०० ची मुभा आहे, आणि त्याच हिशेबाने त्या वेगात थांबायला सुमारे १२० मीटर लागतात. ६५ मीटरचा डिप्पर तिथे अपुरा आहे, यात शंका नाही. पण आपण पाहिलं, की डिप्परचा पल्ला बल्बने वाढत नाही. तिथे उपयोगी पडतो तो समोर गाडी नसताना लावलेला अप्पर आणि डिप्परवर असताना आवरलेला वेग. ताशी ६० वर थांबायचं अंतर ५३ मीटर होतं, म्हणजे दिव्याच्या पल्ल्याच्या आत.

एवढं करूनही ज्याला एलईडीच हवा आहे, त्याच्यासाठी चांगली वाट आहे: नुसता बल्ब न बदलता संपूर्ण दिवा बदलायचा. अमेरिकेने १९४० पासून सात इंची गोल सीलबंद दिवा सक्तीचा केला. त्यात तार, आरसा आणि काच एकत्रच घडवलेली असे. ते माप जगभर पसरलं आणि आपल्या जुन्या गोल दिव्यांच्या गाड्यांतही आलं. ते माप अजून जिवंत असल्यामुळे त्यात बसणारे पूर्ण एलईडी दिवे मिळतात. त्यांच्यात चकती, भिंग आणि उष्णतेची सोय एकमेकांसाठीच घडवलेली असते. घेताना काचेवर गोलातल्या ई अक्षराची मान्यतेची खूण पाहावी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दिशा. अमेरिका आणि युरोपच्या मुख्य भूमीसाठी बनलेल्या दिव्याची रेघ उजवीकडे चढते. तो आपल्याकडे लावला तर तो समोरच्याच्याच डोळ्यांवर उजेड टाकेल. युरोपीय पद्धतीच्या मान्यतेत फक्त डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी असलेल्या दिव्यावर, दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर आपल्या उजव्या हाताला जाणारा बाण असतो. तो शोधावा. पासिंगच्या वेळी दिव्यांचा झोत तपासला जातो, म्हणून जुने दिवे टाकून न देता जपून ठेवावेत. पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाड्यांसाठी २०२१ च्या केंद्रीय नियमांनी विंटेज नोंदणीची वेगळी सोय केली आहे आणि त्यात गाडी मुळाबरहुकूम असण्याला महत्त्व आहे. सत्तरच्या दशकातल्या पद्मिनी आता त्या वयाच्या होत आहेत.

कोणतीही वाट निवडली तरी शेवटची तपासणी एकच, आणि ती घराच्या आवारात होते. सपाट जमिनीवर गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करावी, टायरमध्ये ठरलेली हवा असावी, चालकाच्या जागेवर माणूस बसवावा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी आणि तिच्या पाच सेंटीमीटर खाली दुसरी रेघ ओढावी. डिप्पर लावल्यावर झोताची वरची कड या दुसऱ्या रेघेवर यायला हवी, डावीकडे चढती आणि उजवीकडे सपाट. बदली बल्बचे पुरस्कर्ते म्हणतात, की कड अस्पष्ट असेल तर दिवा आणखी खाली झुकवावा. तो दोन टक्के झुकवला तर पल्ला ६५ वरून साडेबत्तीस मीटरवर येतो, आणि रेघेच्या वर भरकटलेला उजेड तरीही उरतोच. ज्या दिव्याची कड भिंतीवर दिसतच नाही, तो दिवा त्या गाडीसाठी नाही, मग त्याची किंमत कितीही असो. आणि ही तपासणी एकदा करून भागत नाही. पद्मिनीला मागे पाट्याच्या स्प्रिंगा असतात. गणपतीला कोकणात निघताना मागे तीन माणसं बसली आणि डिकी भरली, की गाडीचं नाक उचलतं आणि एक टक्क्याचा झुकाव सहज पुसला जातो. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री सामान चढवून, माणसं बसवून, खडूच्या त्याच रेघेसमोर गाडी पुन्हा उभी करावी आणि दिव्याचे स्क्रू फिरवून कड जागेवर आणावी. परत आल्यावर ते तसेच उलटे फिरवावेत.